सल्लागार शाळेच्या दारात उभा राहतो तेव्हा

मंडळी, मागे पडलेल्या शाळा सुधारायला इंग्लंडमध्ये काय केलं, त्याबद्दल आज बोलणार आहे. तिथं १९०२च्या बाल्फर कायद्याने जुनी स्कूल बोर्डं मोडीत निघाली आणि शाळा काउंटी व शहरांच्या कौन्सिलांकडे आल्या. स्थानिक शिक्षण प्राधिकरण म्हणतात ते हेच.

१९८८च्या कायद्याने शाळेचा पैसा थेट शाळेच्या हाती गेला. पुढे १९९८च्या कायद्याने याच प्राधिकरणांना सांगितलं की शिक्षणाचा दर्जा उंचावणं हे तुमचं कर्तव्य. म्हणजे आधी तिजोरीची किल्ली काढून घ्यायची आणि दहा वर्षांनी म्हणायचं, घरात कुणी उपाशी राहता कामा नये! गंमत अशी की त्या अडचणीतूनच कामाची एक चांगली रीत निघाली. धोरणातलं सूत्र होतं, जिथं यश कमी तिथं लक्ष जास्त. ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या वाटेला जायचं नाही.

पण शाळेचं बरं चाललंय की नाही, हे ओळखायचं कसं? नुसत्या निकालावरून नाही. सुखवस्तू वस्तीतली शाळा काही न करताही वर दिसते. म्हणून बर्मिंगहॅममध्ये आणि पुढे लंडनमध्ये सारख्या शाळांची ‘कुटुंबं’ केली. गरीब मुलांचं प्रमाण, मुलं येतानाची तयारी, घरची भाषा, असं बघून शाळा एकत्र बसवल्या. आता ती बैठक डोळ्यांसमोर आणा. प्राधिकरणाचा सल्लागार मुख्याध्यापकांपुढे एक आलेख ठेवतो. एका बाजूला आजचा निकाल, दुसऱ्या बाजूला गेल्या काही वर्षांतली वाढ. मुख्याध्यापक आधी आपला ठिपका शोधतात, सगळेच शोधतात. मग नेहमीचं वाक्य येतं, “अहो, आमच्याकडची मुलंच तशी आहेत.” सल्लागार काही बोलत नाही. वरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवतो. त्या शाळेतली मुलंही तशीच, निकाल मात्र बराच वरचा. शाळेचं नाव छापलेलं आहे. “त्यांना फोन करू या का?”

मला विचाराल तर प्राधिकरणाची सगळी कमाई या एका प्रश्नात आहे. उत्तर त्याच्याकडे नसतं. ते कुणाकडे आहे, एवढं त्याला ठाऊक असतं.

१९९३ ते २००२ बर्मिंगहॅमचं शिक्षण खातं सांभाळणारे टिम ब्रिगहाऊस शिक्षकांना स्वहस्ताक्षरात पत्रं लिहीत. शाळांना ते सांगत, तुलना स्वतःच्या मागच्या सर्वोत्तम कामगिरीशी करा. तेच पुढे ‘लंडन चॅलेंज’चे आयुक्त झाले. लंडनमधल्या शाळा सुधारण्यासाठी २००३ साली सुरू झालेला हा उपक्रम सरकारचा होता. त्यात मागे पडलेल्या शाळांना ‘नापास’ म्हणत नसत, ‘यशाच्या किल्ल्या’ म्हणत. नावात काय आहे, असं वाटेल; पण ज्या शाळेत रोज पाय टाकायचा तिच्यावरचा शिक्का शिक्षकाला टोचतोच.

टॉवर हॅम्लेट्सचं उदाहरण तर फार बोलकं. पूर्व लंडनचा हा गरीब भाग, बांगलादेशी मुलं मोठ्या संख्येने. १९९७ साली निकालात १४९ प्राधिकरणांत १४९वा! त्याच वर्षी क्रिस्टिन गिल्बर्ट तिथं शिक्षण संचालक म्हणून आल्या. पुढच्या वर्षांत वाचनावर भर दिला गेला, हजेरीचा पाठपुरावा झाला. शाळा चालू असताना मुलांना महिनोन्‌महिने गावी नेऊ नये, हे पालकांना पटवायला मशिदींची मदत घेतली. वस्तीतल्याच बायका-पुरुषांना वर्गसहायक म्हणून घेतलं, त्यातले काही प्रशिक्षण घेऊन शिक्षक झाले. दीड दशकात निकाल राष्ट्रीय सरासरीच्या वर गेला. यात चमत्कार कुठेच नाही. तीच माणसं बरीच वर्षं तेच काम करत राहिली.

प्राधिकरणाकडे धाकाची हत्यारंही आहेत. २००६च्या कायद्याने इशाऱ्याची नोटीस देता येते, अंदाजपत्रकाचा अधिकार काढून घेता येतो, शाळेच्या नियामक मंडळाच्या जागी तात्पुरतं मंडळ नेमता येतं. ती क्वचित वापरावी लागली तरच बरं. नोटीस गेली की फोन उचलला जात नाही.

२०१०च्या अकादमी कायद्यानंतर चित्र पालटलं. आज तिथल्या बहुतेक माध्यमिक शाळा अकादमी आहेत, म्हणजे थेट सरकारी पैशावर चालणाऱ्या, प्राधिकरणाच्या अखत्यारीबाहेरच्या. शाळा सुधारणेसाठी कौन्सिलांना मिळणारं अनुदान २०२२मध्ये निम्मं केलं आणि २०२३मध्ये बंदच झालं. मुलं त्याच वस्तीतली, शाळाही तिथंच. सल्लागाराला मात्र अकादमीच्या दारात आमंत्रणाची वाट बघत उभं राहावं लागतं.