काल रात्रीपर्यंत चांगला होता ओ!

नमस्कार मंडळी. पाळलेला पक्षी अचानक गेला तर काय करायचं, या विषयावर ऐकायला रविवारच्या संध्याकाळी, तेही रंकाळ्यावर जायचं सोडून, इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आज रिकामा पिंजरा असणार, हे धरूनच बोलतो.

मी जनावरांचा डॉक्टर. गाई-म्हशींसाठी मी गोठ्यावर जातो, कुत्री-मांजरं माझ्या दवाखान्यात येतात. पक्षी मात्र बहुतेक वेळा मेल्यावरच येतो. बुटाच्या खोक्यात, रुमालात गुंडाळून. सोबत वाक्य ठरलेलं असतं : "काल रात्रीपर्यंत चांगला होता ओ. शिट्टी मारत होता." मालक खोटं बोलत नसतो. फसवलेलं असतं ते पक्ष्यानं.

थव्यात जो मलूल दिसतो त्यालाच ससाणा आधी उचलतो. त्यामुळे आजार लपवणं हे पक्ष्याच्या रक्तातच आहे. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये, पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीनं ससाणा कधी पाहिलेला नसतो, तरी ती तेच करते. (आपल्याकडे ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात ती बहुतेक वेळा ही बजीच, म्हणजे ऑस्ट्रेलियाकडचा छोटा पोपट, असते.) तिचं वजन 30 ते 40 ग्रॅम. त्यातले चार ग्रॅम कमी झाले तर दहा टक्के शरीर गेलं, पण पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवलं तर कळतं, ते धारेसारखं लागतं. आणि दाण्याची वाटी? ती भरलेलीच दिसते. वर राळ्याची फोलपटं साचलेली असतात, खाली दाणा संपलेला असतो. वाटीवर फुंकर मारून बघायची सवय फार थोड्यांना असते. इतक्या लहान पक्ष्याला एक-दोन दिवसांची उपासमारसुद्धा पुरते.

हे मी कशासाठी सांगतोय? कारण पक्षी गेल्यानंतरच्या रात्री माणूस झोपत नाही. त्याला एकेक आठवायला लागतं. परवा जरा पिसं फुलवून बसला होता. शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत होती. दांडीवरून खाली उतरून बसला होता. मग ठरतं की मला दिसत होतं आणि मी काही केलं नाही. पण ही लक्षणं तुम्हाला आज ओळखता येताहेत, कारण शेवट काय झाला हे आज माहीत आहे. परवा ती फक्त फुलवलेली पिसं होती. पक्षी झोपतानाही पिसं फुलवतोच की.

मात्र "तुमचा काही दोष नाही हो" असं मी प्रत्येकाला म्हणत नाही, हेही सांगतो. काही मरणं खरोखर झटक्यात येतात, आणि त्यांना कारण असतं. सगळ्यात जास्त सांगावं लागतं ते नॉनस्टिक तव्याबद्दल. तवा रिकामाच मोठ्या गॅसवर राहिला, तापमान 260 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, की त्यावरचा लेप विघटित होऊन वायू सुटायला लागतात. माणसाला फार तर थोडा वास येतो. पक्षी शेजारच्या खोलीत असला तरी काही मिनिटांत खाली पडू शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा तिथून ताजी हवा जाते. उडायला लागणारा प्राणवायू त्याला असा मिळतो, आणि विषही तसंच दामदुपटीनं मिळतं. म्हणूनच तर जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू आधी कळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. ती पद्धत 1986पर्यंत चालू होती. डासांची कॉइल, धुपाचा दाट धूर, स्प्रे, नव्या रंगाचा वास, हे सगळं याच रांगेतलं.

दुसरं म्हणजे रात्रीचा धसका. कॉकटिएल हा पक्षी अंधारात दचकला की पिंजऱ्यात आंधळेपणानं आपटत राहतो. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांना मी वेगळं काय सांगणार? डॉल्बीनं आपल्या खिडक्या थरथरतात, तिथं शंभर ग्रॅमच्या जिवाचं काय. त्या काळात पक्षी आतल्या खोलीत हलवा आणि मंद दिवा चालू ठेवा. तिसरं, अंडं अडकणं. नर नसतानाही मादी अंडी घालते, त्यामुळे "आमचा मिठ्ठू" अंडं अडकून गेला हे ऐकून घरातले दोनदा हादरतात. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगला तर कॅल्शियमची कमतरता बऱ्याच अंशी टळते. आणि आपल्या पावसाळ्यात दाणे दमट होतात, त्यांना बुरशी येते. ती फुप्फुसात जाते. हे मरण मात्र सावकाश येतं, पण दिसतं अचानक आल्यासारखं.

तवा हे कारण असेल तर मी तवा म्हणूनच सांगतो. काही जणांना हे निष्ठुर वाटतं. पण कारण कळलं नाही की घर स्वतःच आरोपी शोधतं, असा माझा अनुभव आहे. तो आरोपी नेहमी घरातला सगळ्यात दुबळा माणूस असतो. कामवाल्या मावशींनी काहीतरी खायला घातलं असेल. धाकट्यानं हाताळला असेल. शेजारणीची दृष्ट लागली. आणि एकटं राहणारं माणूस असेल तर ते स्वतःलाच उभं करतं. अशी शंका वर्षानुवर्षं टिकते. खरं कारण ऐकून माणूस रडतं, एकदा पोटभर रडतं, पण मग पुढे सरकतं.

म्हणून शक्य असेल तर शवविच्छेदन करून घ्या. पक्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फ झालं की पेशी फुटतात आणि तपासायला काही उरत नाही. एका दिवसाच्या आत डॉक्टरकडे न्या. उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, एवढ्याशा देहात कधीकधी काहीच हाती लागत नाही. तरी यकृतावर चरबी होती की फुप्फुसात रक्त होतं, एवढं कळलं तरी मावशी सुटतात.

यातच एक सूचना. एका घरातला एक पक्षी गेला म्हणजे लगेच बर्ड फ्लू नव्हे. पण आसपास कोंबड्या, कबुतरं, कावळे एकदम मरायला लागले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006मध्ये नवापूरला तो आला होता, 2021मध्ये परभणी-लातूरकडेही. त्याची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेत होते, व्हॉट्सॲपवर नव्हे.

आता दुःखाबद्दल. पेठेतल्या कबुतरवाल्यांना बघा. ढाबळीतलं एखादं आवडीचं कबूतर संध्याकाळी परत आलं नाही, तर अख्ख्या गल्लीला कळतं. तालमीतली पोरं छपरावर चढून आभाळ बघतात. चार लोक येऊन बसतात. कुठल्या जोडीचं होतं, किती उंच लागायचं, किती वेळ टिकायचं, सगळं बोललं जातं. तिथं कुणी "एवढं काय त्यात" म्हणत नाही. फ्लॅटमधल्या माणसाला मात्र ऑफिसात हेच ऐकावं लागतं. पाचशेत जोडी मिळतीय की, दुसरी आण. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं. जे दुःख आजूबाजूची माणसं दुःख म्हणून मोजतच नाहीत, ते माणसाला चोरून करावं लागतं, आणि चोरून केलेलं लवकर सरत नाही. तेव्हा सांगायला माणूस शोधा. घरी आजी असेल तर तिला सांगा. तिनं गोठ्यातली गाय गेलेली पाहिलेली असते, ती तुम्हाला हसणार नाही.

मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. बिरबलाची गोष्ट आपण त्यांना चवीनं सांगतो : पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, पण मेला असं म्हणायचं कुणी? आणि आपल्या घरात वेळ आली की आपणच त्या दरबारात जाऊन बसतो. "उडून गेला" म्हटलं तर मूल रोज खिडकीत उभं राहतं. "झोपलाय" म्हटलं तर ते स्वतः झोपायला घाबरू शकतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मेलेलं परत येत नाही हे नीटसं कळलेलं नसतं, ती पुन्हा पुन्हा तेच विचारतील. पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्या : मेला, त्याचं शरीर आता चालत नाही, त्याला दुखत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे रात्रीतून त्याच रंगाचा दुसरा आणून ठेवणं. पोरं ओळखतात. चोचीवरून ओळखतात.

एक अवघड गोष्ट. काही जणांकडे देशी पोपट असतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो विकणं, विकत घेणं, पाळणं हा गुन्हा आहे. म्हणून तो आजारी पडला तरी लोक भीतीनं डॉक्टरकडे आणत नाहीत, आणि तो गेल्यावर मोकळेपणी रडतही नाहीत. तुमच्या दुःखाला मी हसणार नाही. पण पुन्हा तो आणू नका.

पुरायचं कुठं? मित्राच्या शेतात, ओळखीच्या बागेत, दोन फूट खोल, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. पंचगंगेत सोडू नका, रंकाळ्यात तर अजिबात नको. त्या दोघांचं आधीच पुरेसं झालंय.

आणि मागे राहिलेला जोडीदार. तो काही दिवस हाका मारेल, गप्प बसेल, कमी खाईल. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर त्याचं वजन करा. त्याच्याशी बोला. पिंजऱ्याची जागा बदलू नका. नवा सोबती आणायची घाई नको. आणलाच, तर पहिला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. दाणापाणी आधी जुन्याला, मग नव्याला, आणि मध्ये हात धुवा. पहिला कशानं गेला हे कळलेलं नसेल, तर लाकडी दांड्या टाकूनच द्या, लाकडात राहिलेलं धुऊन निघत नाही.

बाकी प्रश्नांत बोलू. मागच्या रांगेतल्या काकूंनी मघापासून हात वर केलाय. विचारा काकू, पण पक्षी स्वयंपाकघरात असतो का, एवढं आधी सांगा.