हॅशच्या उजवीकडे

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'मोठ्या कंपन्यांशिवाय आपला क्लाउड'. संस्थेचा हिशेब, सभासदांची यादी, सभेचं इतिवृत्त हे सगळं ब्राउझरमध्येच लिहायचं, चौघांनी मिळून दुरुस्त करायचं आणि तरी त्यावर परक्याचा डोळा नको, हे चाळीसेक माणसांच्या संस्थेनं कसं जमवावं, ते सांगायचं मी कबूल केलंय. सांगतोच. पण त्याआधी एका चिन्हाबद्दल बोलू द्या, कारण ते समजलं नाही तर पुढची सगळी खटपट पाण्यात.

ब्राउझरमध्येच मिळून कागद लिहायची क्रिप्टपॅड नावाची मुक्त प्रणाली आहे, फ्रान्सच्या एक्सविकी कंपनीनं केलेली. त्यात नवा कागद उघडा आणि वरच्या पट्टीतला पत्ता नीट वाचा. आधी संकेतस्थळाचं नाव, मग 'पॅड' किंवा 'शीट', मग हॅश, म्हणजे फुली-गोळा खेळताना आपण आखतो तसलं चिन्ह. त्याच्या उजवीकडे 'एडिट' असा शब्द आणि पुढे अक्षरांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे त्या कागदाची किल्ली.

आता गंमत बघा. हॅशच्या उजवीकडचं काहीही ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही. हा नियम जुना आहे. २००५च्या आरएफसी ३९८६ या मानकात तो लिहिलेला आहे. पानातल्या अमुक परिच्छेदावर उडी मारायची तर ते ब्राउझरचं ब्राउझरनं बघावं, सर्व्हरला त्याचं काय काम, एवढाच त्यामागचा विचार. क्रिप्टपॅडनं त्याच जागेत किल्ली ठेवली. तुम्ही टाइप करता, ब्राउझर ते तिथल्या तिथे कूटबद्ध करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करतो, आणि सर्व्हरकडे नुसते न वाचता येणारे तुकडे जातात. शेजारचा सहकारी तीच लिंक उघडतो, त्याचा ब्राउझर ते तुकडे उलगडून जोडतो. सर्व्हरचा मालक मध्ये बसूनही कोरा. 'व्ह्यू'ची लिंक दिली तर वाचता येतं, बदलता येत नाही. एडिटच्या किल्लीतून व्ह्यूची किल्ली निघते, उलटं होत नाही. किती नेटकं काम आहे हे!

मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या फुकट खात्यातही मजकूर कूटबद्ध असतोच. वाटेत असतो, डिस्कवरही असतो. पण किल्ली कंपनीच्या हातात असते. 'त्यांचा सर्व्हर मुंबईतच आहे' असं कोणी सांगितलं की आपण निश्चिंत होतो, हे मला फार खुपतं. अमेरिकेच्या २०१८च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीच्या ताब्यातला मजकूर कायदेशीर आदेशानं मागता येतो, सर्व्हर जगात कुठेही असो. म्हणून आधी विचारा, किल्ली कोणाकडे आहे?

आणि किल्ली आपल्याकडे आली की आपण काय करतो? पूर्ण लिंक उचलून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो! ग्रुपमध्ये दीडशे माणसं. त्यातला एक कार्यकारिणीतून गेला, एकानं फोन विकला, एकानं ती आणखी चार ठिकाणी फॉरवर्ड केली. क्रिप्टपॅडनं मेहनतीनं लपवलेली किल्ली दीडशे खिशांत गेली. लिंक पाठवायचीच तर कागदावर पासवर्ड लावा आणि तो फोनवर बोलून सांगा. सगळ्यांची खाती असतील तर कागद कोणाकोणाला उघडता येईल त्याची प्रवेशयादी लावा, म्हणजे नुसत्या लिंकनं काही उघडणार नाही. आणि सभासदांच्या यादीच्या शीटमध्ये प्रत्येकाच्या आधार कार्डाची पूर्ण प्रत कशाला हवी, हो? मास्क्ड आधारमध्ये शेवटचे ४ अंक दिसतात, बहुतेक कामांना ते पुरतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात साठवणूक दुसऱ्याकडून करून घेतली तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. म्हणजे आपल्या संस्थेची.

बरं, ग्रुपवर नाही टाकली. बर्डीवर झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलात आणि तिथल्या कॉम्प्युटरवर लिंक उघडली. हॅशचा भाग सर्व्हरला गेला नाही, कबूल; पण ब्राउझरच्या हिस्टरीत अख्खा पत्ता उतरला, किल्लीसकट. त्या ब्राउझरमध्ये दुकानदाराचं खातं उघडं असेल आणि सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवर तीच माहिती ठेवायची सोय, चालू असेल, तर ती हिस्टरी त्याच्या खात्यात, म्हणजे ब्राउझरच्या कंपनीकडे पोचते. सिंकला वेगळा सांकेतिक वाक्यांश लावला असेल तरच ती कंपनीला वाचता येत नाही. म्हणून परक्या यंत्रावर कागद उघडूच नका. पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या, प्रिंट घ्या, फाइल पुसा.

आणखी एक गळती आहे, ती खास आपली. मराठी टाइप करायला पुष्कळांनी रोमन अक्षरांचं देवनागरी करून देणारं ऑनलाइन एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवलेलं असतं. कागद कूटबद्ध होण्याआधीच शब्द त्या एक्स्टेन्शनच्या सर्व्हरवर फिरून येतो! क्रोममधली 'वर्धित' शुद्धलेखन तपासणीही टाइप केलेला मजकूर गूगलकडे पाठवते. साधी तपासणी पाठवत नाही. उपाय सोपा आहे. विंडोज असो की लिनक्स, दोन्हींत मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो. शिकायला चार दिवस बोटं अडखळतात, मग हात बसतो. संस्थेच्या कामासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात एकही एक्स्टेन्शन ठेवू नका. 'सर्व संकेतस्थळांवरील सगळा डेटा वाचणे' अशी परवानगी दिलेलं एक्स्टेन्शन तुमचा उलगडलेला कागद जसाच्या तसा वाचू शकतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मग कबूल केलेलं आता भराभर.

मार्ग दोन आहेत. पहिला, क्रिप्टपॅड स्वतः बसवायचं. त्याला २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेचा भाड्याचा सर्व्हर सुरुवातीला चालतो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाची नावं, मात्र दोन लागतात, एक मुख्य आणि एक सँडबॉक्ससाठी, म्हणजे कागद दाखवणारा भाग किल्ल्यांपासून वेगळा ठेवण्यासाठी. एकावरच भागवलं की सुरक्षेचा अर्धा आधार जातो. पान नुसतं 'लोड होत आहे' म्हणून अडकलं तर बहुतेक वेळा क्रिप्टपॅडच्या पुढ्यात बसवलेल्या वेब सर्व्हरनं वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत चालू राहणारी जोडणी, आत पाठवलेली नसते. पत्त्यात 'चेकअप' हे पान उघडा, नेमकी चूक तिथे दिसते. काही गैरसोयी मान्य करूनच घ्या. सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही, म्हणून सगळ्या कागदांच्या आतला शब्द तो शोधून देऊ शकत नाही. मोठी शीट जुन्या फोनवर रखडते, कारण उलगडण्याचं काम फोनच करतो. पासवर्ड विसरलात तर कोणीही परत देऊ शकत नाही. म्हणून क्रिप्टपॅडमध्ये संस्थेची 'टीम', म्हणजे सगळ्यांचं सामायिक खातं, करा, तिला दोन मालक ठेवा आणि दोघांचे पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात, संस्थेच्या कपाटात. शिवाय कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम दर वेळी सर्व्हरच पाठवतो. सर्व्हर ज्याच्या हाती, तो उद्या बदललेला प्रोग्रॅम पाठवू शकतो. तो माणूस ओळखीचा हवा, ते याचसाठी.

दुसरा मार्ग नेक्स्टक्लाउड, २०१६ साली सुरू झालेलं. फाइली, कॅलेंडर, संपर्क सगळं आहे. पण नेहमीच्या मांडणीत किल्ली सर्व्हरकडेच असते, म्हणजे तुमच्या ॲडमिनला सगळं वाचता येतं. कंपनीऐवजी आपला माणूस, एवढाच फरक. तोही थोडा नाही. ४ जीबी रॅम धरा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चाळीस माणसं चढवू नका, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस घ्या. मोठी फाइल चढवताना ४१३ चूक, म्हणजे 'फाइल फार मोठी', आली तर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची मर्यादा बघा, मूळची १ एमबीच असते. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय, दर ५ मिनिटांनी लावा. अद्ययावत करताना मधली मोठी आवृत्ती गाळून पुढे उडी मारता येत नाही, एकेक पायरीच चढावी लागते.

यंत्र कार्यालयातच ठेवायचं म्हणाल तर राऊटरवरचा बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला आकडी पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यानं सुरू होत असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला सामायिक पत्ता आहे, बाहेरून कोणी पोचणार नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे स्थिर आयपी मागा किंवा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन तिथून आपल्या यंत्रापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमचा कूटबद्ध बोगदा काढा. आणि आपल्या मे महिन्यात यंत्र बंद कपाटात कोंडू नका, बाप्पा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ८० अंशांच्या आसपास तापला की स्वतःहून मंदावतो. त्याला पंखा द्या, डेटा एसडी कार्डाऐवजी एसएसडीवर ठेवा, यूपीएस लावा.

एक लेखी प्रश्न आलाय: 'आमच्यात तांत्रिक माणूस नाही, तर?' तर स्वतःचा सर्व्हर बसवू नका. क्रिप्टपॅडच्या मूळ संकेतस्थळावर खातं काढा, ईमेलही मागत नाहीत, १ जीबी जागा मिळते. खात्याशिवाय केलेला कागद ९० दिवस कोणी उघडला नाही तर पुसला जातो, तेवढ्यासाठी खातं हवंच. दर महिन्याला सगळी ड्राइव्ह उतरवून कूटबद्ध डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक तरी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.