तीस शेक, पाच वर्षं

(परळ, सकाळची वेळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटलसमोरचा रस्ता.)

परळच्या टाटा हॉस्पिटलात सगळ्या देशातून माणसं येतात. कुणी बिहारहून, कुणी आसामातून, कुणी आपल्याच जळगाव-नांदेडकडून. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. या गर्दीत डोक्यावर टाक्यांचे व्रण असलेलं एखादं पोर असतंच. ऑपरेशन झालेलं, पण मेंदूतली गाठ पूर्ण निघालेली नाही. आता डॉक्टरांनी शेक सांगितलेत.

शेक म्हणजे रेडिएशन. अशा गाठींसाठी साधारण ५४ ग्रेची (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा ३० भागांत दिली जाते. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. यात दुखत काही नाही, फक्त हलायचं नाही. पण चार वर्षांच्या पोराला 'हलू नकोस' म्हणून बघा! फारच लहान असेल तर भूल द्यावी लागते.

मंद गतीने वाढणारा ग्लायोमा, क्रॅनिओफॅरिंजिओमा, अशा गाठींची बरीचशी मुलं उपचारानंतर वर्षानुवर्षं जगतात. आणि नेमका तिथेच प्रश्न उभा राहतो. गाठीपर्यंत पोचणारे किरण वाटेतल्या निरोगी मेंदूतूनही जातात. वाढत्या मेंदूला ते झेपत नाही. मूल अभ्यासात मागे पडू लागतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी या हॉर्मोनच्या ग्रंथीपर्यंत मात्रा पोचली तर उंची खुंटते, थायरॉइड बिघडतं, वयात येणं लांबतं. गाठ आटोक्यात आली म्हणून पेढे वाटलेल्या घरात हे सगळं दोन-चार वर्षांनी कळतं.

(रेडिएशन नियोजनाचा कक्ष. स्क्रीनवर एमआरआय.)

टाटामधले रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट डॉ. राकेश जलाली यांनी हाच प्रश्न हाती घेतला. तोवर 'स्टिरिओटॅक्टिक कन्फॉर्मल' ही पद्धत आली होती. डोकं चौकटीत घट्ट धरायचं, एमआरआयवरून गाठ नेमकी आखायची, आणि अनेक दिशांनी असे किरण सोडायचे की भर गाठीवर पडेल, आजूबाजूला कमी. कागदावर ही पद्धत सरस होती, त्यात वादच नव्हता. पण कागदावर मेंदूचा जास्त भाग वाचला म्हणजे मुलाची बुद्धीही जास्त वाचली का? ते कुणी मोजून दाखवलं नव्हतं.

एप्रिल २००१ मध्ये चाचणी सुरू झाली. तीन ते पंचवीस वर्षांचे रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड : काहींना नवी पद्धत, काहींना नेहमीची. मात्रा दोन्हीकडे सारखीच. २०० रुग्ण व्हायला मार्च २०१२ उजाडला. अकरा वर्षं! शिवाय प्रत्येकावर पुढची पाच वर्षं लक्ष ठेवायचं. नुसतं स्कॅन काढून भागत नव्हतं, बुद्ध्यांकाच्या चाचण्या आणि हॉर्मोनच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करायच्या. गावाकडे गेलेल्या, बरं वाटणाऱ्या पोराला निव्वळ तपासणीसाठी मुंबईला आणणं आईबापांना किती जड जात असेल, ते वेगळं सांगायला नको. माझ्या मते या कामाची खरी कमाल तिथे आहे, यंत्रात नाही.

मध्येच एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच मुलांचा बुद्ध्यांक शेक सुरू होण्याआधीच उतरलेला होता. गाठ, मेंदूत साठलेलं पाणी, ऑपरेशन, या सगळ्यांचा त्यात वाटा. म्हणजे पहिली चाचणी उपचाराआधी केली नसती, तर सगळं खापर रेडिएशनवर फुटलं असतं. २०१० मध्ये याच गटाने आणखी नेमकं दाखवलं : डाव्या टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, १३ टक्क्यांहून जास्त भाग ४३.२ ग्रेच्या वर गेला, तर बुद्ध्यांक घसरण्याचा धोका वाढतो. नियोजन करणाऱ्याला असा आकडा हवाच असतो. 'मेंदू जपा' एवढं सांगून त्याचं काम होत नाही.

(निकालाचा आलेख.)

मुख्य निकाल २०१७ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त छापून आला. नव्या पद्धतीच्या गटात पाच वर्षांत एकूण बुद्ध्यांक अधिक चांगला राहिला. हॉर्मोनचा नवा बिघाड नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के, नव्या पद्धतीत ३१ टक्के. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण नव्या पद्धतीत ८६ टक्के, जुन्या पद्धतीत ९१. हे ऐकून दचकायला होतं, पण संख्याशास्त्राच्या हिशेबाने हा फरक धरता येत नाही. म्हणजे किरण आखडते घेतल्याने गाठीला मोकळं रान मिळालं, असं दिसलं नाही.

आता मर्यादा. हे सगळं सौम्य आणि मंद वाढणाऱ्या गाठींपुरतं. मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूतला वेगाने वाढणारा कर्करोग झालेल्या मुलाला बहुतेक वेळा अख्खा मेंदू आणि पाठीचा कणा शेकावा लागतो. तिथे वाचवायला मोकळी जागा फार थोडी उरते. आणि ३१ टक्के हाही काही लहान आकडा नाही, जवळजवळ तीन मुलांमागे एक.

पुढे डॉ. जलाली चेन्नईच्या प्रोटॉन केंद्रात गेले. तिथे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा झोत वापरतात. टाटाच्या खारघर केंद्रातही २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, त्यामुळे गाठीपलीकडच्या मेंदूवर मात्रा जवळजवळ पडत नाही. कागदावर हेही सरसच आहे. आता खारघरहून घरी गेलेल्या मुलांना पाच वर्षांनी पुन्हा बोलावून बुद्ध्यांक आणि हॉर्मोन तपासायचे आहेत.