कंसात राहिलेला फोर्सकॉल

(दृश्य : पूर्व आफ्रिकेतलं खडकाळ माळरान. निष्पर्ण झुडूप, फांद्यांच्या टोकांना गुलाबी फुलं.)

पाऊस होऊन महिने लोटलेत. गवत वाळून भुईसपाट झालंय. या झुडपावरही पानाचा पत्ता नाही, फुलं मात्र भरभरून. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला सोमालियापर्यंत, खाली केनिया-टांझानियात आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्ये, कोरड्या रानात ते आपोआप उगवतं. आपल्याकडच्या गच्चीत ते कुंडीतून आलं. नर्सरीवाले त्याला अडेनियम म्हणतात, कुणी डेझर्ट रोझ. गुलाबाशी त्याचं काडीचंही नातं नाही.

शास्त्रीय नाव अडेनियम ओबेसम. पण वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात त्यापुढे माणसांच्या नावांचं शेपूट असतं : आधी कंसात फोर्सकॉल, मग कंसाबाहेर रोमर आणि शुल्टेस. हा कंस कुठून आला?

(दृश्य : तांबड्या समुद्राचा जुना नकाशा.)

१७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाकडे एक मोहीम धाडली. तिच्यात निसर्गअभ्यासक होता पेर फोर्सकॉल, सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचा विद्यार्थी. डोक्याने तल्लख आणि हट्टी. १७५९ साली त्याने स्वीडनमध्ये नागरी स्वातंत्र्यावर एक पुस्तिका छापली, तिथल्या सरकारने ती जप्त केली, आणि वाटलेल्या प्रती गोळा करायचं काम विद्यापीठाचा रेक्टर म्हणून खुद्द लिनियसच्या गळ्यात पडलं. पुढे लिनियसने एका वनस्पतीला या शिष्याचं नाव दिलं, तेही आकडेदार केसांनी कपड्याला घट्ट चिकटणाऱ्या. फोर्सकाओलिया टेनासिसिमा. टेनासिसिमा म्हणजे अतिशय चिवट. गुरूने कौतुक केलं की चिमटा काढला, ज्याने त्याने ठरवावं.

१७६२ च्या अखेरीस मंडळी येमेनला पोचली. कॉफीच्या डोंगरांत फोर्सकॉल झाडं गोळा करत, टिपणं काढत हिंडला. जुलै १७६३ मध्ये यारीम गावी हिवतापाने त्याला गाठलं. वय होतं ३१. भाषातज्ज्ञ फॉन हावन त्याच्याआधीच गेला होता. उरलेले मुंबईच्या जहाजात चढले. चित्रकार बाउरेनफाइंड आणि मोहिमेचा नोकर वाटेतच समुद्रात गेले, डॉक्टर क्रामर मुंबईत. राहिला एकटा नकाशाकार, कार्स्टन नीबूर. या गड्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली, मग इराण-तुर्कस्तानातून वाट काढत १७६७ साली कोपनहेगन गाठलं. मित्राची टिपणं त्याने वाऱ्यावर सोडली नाहीत. स्वतः वनस्पतितज्ज्ञ नसताना १७७५ साली त्याने ती छापून आणली.

(दृश्य : फुलाचा अगदी जवळून क्लोज-अप.)

त्या पुस्तकात आपलं झुडूप आहे, पण नेरियम ओबेसम या नावाने. नेरियम म्हणजे कण्हेर. ओबेसम म्हणजे लठ्ठ.

कण्हेर का म्हटलं, हे फूल हातात घेतलं की कळतं. खाली नळी, वर पसरलेल्या पाच पाकळ्या, गुलाबी रंग कडेला गडद आणि आत फिका होत जाणारा. नळीत डोकावलं तर पाच परागकोश एकमेकांना टेकून शंकू करून बसलेले. प्रत्येकाच्या शेंड्यातून एक बारीक, पिळलेला केसाळ धागा वर येतो. कुळही एकच : कण्हेर, चाफा, सदाफुली, करवंद यांचं.

आता फांदी बघा. कण्हेरीची पानं बहुधा तिनाच्या वेढ्यात येतात. इथे एकेक पान फिरत्या जिन्यासारखं चढत जाऊन टोकाशी गर्दी करतं. शेंगा दोन-दोन, शिंगांसारख्या. त्या तडकल्या की बी बाहेर येतं, आणि खरी गंमत त्या बीत आहे. कण्हेरीच्या बीला एकाच टोकाला केसांचा झुबका असतो, याच्या दोन्ही टोकांना. आणि बुंधा! ओबेसम उगाच नाही म्हटलेलं. पावसाळ्यातलं पाणी त्याच बुंध्यात साठवायचं आणि उन्हाळा काढायचा.

१८१९ मध्ये स्विस रोमर आणि ऑस्ट्रियन शुल्टेस यांनी अशा झुडपांसाठी वेगळी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली, अडेनियम. नावाचा संबंध येमेनच्या एडन बंदराशी लावतात. प्रजाती बदलली, तरी 'ओबेसम' तसंच राहिलं, कारण नियमच तसा आहे : जातीचं जुनं विशेषण टिकतं आणि ते देणारा कंसात जातो. म्हणून फोर्सकॉल कंसात. मला हा नियम फार आवडतो. दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्याचं नाव गाळता येत नाही.

(दृश्य : फांदी कापल्यावर ओघळणारा चीक.)

कण्हेरीचा आणखी एक वारसा या चिकात आहे. हृदयाची गती बिघडवणारी विषारी द्रव्यं, ग्लायकोसाइडं. टांझानियातले हाद्झा शिकारी याच अडेनियमचा रस आटवून बाणाच्या टोकाला लावतात. छाटणी केल्यावर हात धुवा, आणि लहान मुलं, गुरं यांना पानांपासून लांब ठेवा.

नावांचा घोळ मात्र १८१९ ला मिटला नाही. वनस्पतितज्ज्ञ क्लोट्शने मोझांबिकचं बहुफुली झुडूप १८६१ मध्ये मल्टिफ्लोरम म्हणून वेगळं काढलं. १८८८ मध्ये बाल्फोर या दुसऱ्या वनस्पतितज्ज्ञाने आणखी दोन जातींना सोमालेन्स आणि अरेबिकम ही नावं दिली. विसाव्या शतकात काहींनी उलटी मोळी बांधली : सगळी एकाच जातीची, फक्त उपजाती वेगळ्या. कारण पानाची लव, पाकळीचा रंग, बुंध्याचा घेर ही लक्षणं माती आणि पावसाप्रमाणे हलतात. फोर्सकॉलचं ओबेसम मात्र या सगळ्या भांडणात कुणी हलवलं नाही.

(दृश्य : नर्सरी. रुंद बुंध्याची रोपं, पाट्या.)

या पाट्यांवर अजून अरेबिकम लिहिलेलं असतं. बरेच तज्ज्ञ त्याला ओबेसममध्येच धरतात. गिऱ्हाइकाला जाड बुंधा हवा असतो, आणि अरेबिकम म्हटलं की जाड बुंधा हे बाजारात ठरून गेलंय. पाटी काही लवकर बदलायची नाही.