बटेरांसाठी पक्षीघराची जमीन कशी करायची?

[हातात बटेर, एक पाय कॅमेऱ्याजवळ]

हा पाय नीट बघा. मधल्या बोटाच्या टोकाला हा करडा गोळा दिसतोय ना, तो खडा नाही. शीट आणि ओली वाळू थरावर थर बसून घट्ट झाली आहे, आणि तिच्या आत नख अडकलंय. असंच राहू दिलं तर गोळा वाढत जातो, बोटाला रक्त पोचेनासं होतं आणि शेवटी बोट झडतं. ही मादी आजारी नाही, खाणंपिणं व्यवस्थित आहे. दोष सगळा जमिनीचा. म्हणजे माझा, कारण जमीन मी केली होती.

नमस्कार. पक्षीघर बांधताना आपण जाळी, छप्पर, दार, काठ्या सगळ्याचा विचार करतो आणि जमीन शेवटी उरेल तशी सोडतो. काठीवर बसणाऱ्या पक्ष्यांचं त्यात निभावतं. बटेराचं नाही. त्याच्या पायाचं मागचं बोट आखूड असतं आणि जरा वर चढलेलं असतं, फांदी पकडायला ते उपयोगाचं नाही. खाणं, झोपणं, लोळणं, अंडी, पिल्लं, सगळं जमिनीवरच. वर तो जातो ते फक्त दचकल्यावर, आणि तेव्हा सरळ उभी उसळी मारतो. म्हणून छताखाली एक मऊ जाळी ताणून ठेवा, नाहीतर डोकं फुटतं. छताचं एवढंच, आता खाली येऊ.

पाया कशाचा? तारेच्या जाळीची जमीन मला पटत नाही. शीट खाली पडते, साफसफाई सोपी होते, हे खरं. पण तळव्यांना जखमा होतात आणि पक्ष्याला उकरायला काही उरतच नाही. कच्ची माती पायाला चांगली, पण ती धुता येत नाही आणि उंदीर खालून बिळं करून येतात. मातीच ठेवायची असेल तर भिंतीच्या कडेनं बारीक जाळी किमान 30 सेंटीमीटर खोल गाडा. जाळीची भोकं 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, 12 मिलिमीटरमधून उंदराची पिल्लं आरामात येतात.

माझी पसंती कोब्याला, पण दोन अटींवर. पहिली अट ढाळ. 1 मीटरला 2 सेंटीमीटर उतार, आणि उताराच्या शेवटी पाणी जायला भोक, त्यावर जाळी. दुसरी अट, वर वाळूची किंवा लाकडाच्या छिलक्यांची चांगली जाड गादी, 8 ते 10 सेंटीमीटर. नुसता कोबा कडक आणि गार असतो. त्यावर चालून चालून तळव्याला कुरूप होतं, मग ते सुजतं, पिकतं.

मी कोबा केला, पण ढाळ दिला नाही आणि वाळू जेमतेम दोन बोटं टाकली. पाऊस तिरपा आला, पाणी वाळूखाली साचलं. वरून हात फिरवला तर कोरडी ठणठणीत. बोट खुपसलं तर खाली गार चिखल. मी आठवडाभर फक्त वरूनच बघत होते, आणि तेवढ्यात हे गोळे झाले.

ओल फक्त पायालाच नडते असं नाही. कॉक्सिडिया नावाचे परजीवी असतात, त्यांची अंडी शिटेतून बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती बाधा करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की तयार होतात, मग पक्ष्याच्या चोचीतून पोटात जातात. जमीन कोरडी असली की त्यांचं हे तयार होणंच अडतं. म्हणून गादी कोरडी राखणं औषधापेक्षा आधी येतं. छप्पर निम्म्याहून जास्त जागेवर पक्कं हवं, आणि पावसाच्या बाजूला आडोसा.

[मूठभर वाळू दाखवून]

गादीची वाळू अशी हवी, धुतलेली, जरा जाडसर. पिठासारखी बारीक वाळू उडते, डोळ्यात आणि नाकात जाते. आडोशाखाली मी लाकडाचे रंध्याचे छिलके टाकते. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. उग्र वासाच्या लाकडाचे छिलकेही नकोत, त्या वासानं श्वासाला त्रास होतो. गवत घालायचं तर वास घेऊन बघा. कुबट आला की बाहेर, त्यातली बुरशी फुप्फुसात बसते.

आता माझा सगळ्यात आवडता कोपरा. उथळ ट्रे, त्यात 10 सेंटीमीटर अगदी कोरडी वाळू, गादीपेक्षा बारीक पण पिठासारखी नाही, वर पक्कं छप्पर. बटेर आधी चोचीनं उकरतो, मग एका कुशीवर कलंडतो, पंखानं वाळू पाठीवर ओढतो आणि पिसं अशी फुलवतो की ती कातडीपर्यंत जाते. मग डोळे अर्धे मिटून पडून राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पक्षी मेला की काय! पिसांमधलं जास्तीचं तेल आणि किडे काढायची त्याची ही रीत आहे. जागा दिली नाही तर तो दाण्याच्या भांड्यात लोळतो.

पाण्याचं भांडं या ट्रेपासून लांब, उंच कडांच्या जाळीदार चौकटीवर. सांडलेलं पाणी चौकटीखाली जातं, गादीत नाही. आणि वर दुसरे पक्षी असतील तर त्यांची एकही काठी पाणी, दाणा किंवा या ट्रेच्या डोक्यावर येऊ देऊ नका.

उघडी सपाट जमीन बटेराला भीतीची वाटते. तो जाळीच्या कडेनं येरझाऱ्या घालत राहतो, नर एकमेकांची पाठ टोचतात. गवताचे गड्डे, सालीचे तुकडे, आडव्या फांद्या ठेवा, दोन्ही बाजूंनी वाट असेल अशा. एकच तोंड असलेला आडोसा म्हणजे कोंडीत सापडायची जागा.

रोज झोपायच्या जागेवरची आणि पाण्याजवळची घाण काढायची, बाकी ठिकाणी दाताळं फिरवायचं. आठवड्यातून एकदा चार ठिकाणी बोट तळापर्यंत खुपसून बघायचं. गार लागलं तर तेवढी गादी उचलून नवी टाकायची.

पिल्लं निघणार असतील तर जाळीच्या खालच्या भागाला आतून 25 सेंटीमीटर उंच फळी लावा. चिमणबटेर ही अगदी लहान जात, तिचं पिल्लू भुंग्याएवढं असतं, ते भोकातून बाहेर जातं आणि परत येत नाही. पाणी बाटलीच्या झाकणाएवढ्या उथळ भांड्यात, त्यात खडे. पायाखाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात आणि तसेच राहतात.

[पुन्हा मादीचा पाय]

हा गोळा ओढायचा नाही, नख उपटून येतं. कोमट पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं धरायचा. कडेनं पापुद्रे सुटायला लागले की चिमटीत हळूहळू चुरायचे, परत भिजवायचं. बघा, नख दिसलं. आता पाय कापडानं टिपून पूर्ण कोरडा करते, मग हिला वाळूत सोडते. ओल्या पायानं सोडलं तर उद्या नवा गोळा.