पगार वजा पाळणाघर

(दृश्य : हिंजवडी, सकाळचे नऊ. कंपन्यांच्या बसमधून उतरणारी गर्दी.)

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली, की घरोघरी एक हिशेब मांडला जातो. तिचा पगार, त्यातून पाळणाघराची फी वजा, येण्याजाण्याचा खर्च वजा. उरलेला आकडा बघून कुणीतरी म्हणतंच, "एवढ्यासाठी कशाला धावपळ?"

हा हिशेब चुकीचा आहे. मूल दोघांचं, मग फी तिच्याच पगारातून का वजा होते? शिवाय जे लगेच हातात पडत नाही, ते या हिशेबात येतच नाही. मूळ पगार ३०,००० धरू. त्यावर पूर्ण प्रॉव्हिडंट फंड असेल, तर कंपनीचा १२ टक्के हिस्सा महिन्याला ३,६०० रुपये. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली, की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, ८६,५३८ रुपये. साडेतीन वर्षांवर राजीनामा दिला, तर ती शून्य. आणि रजेचे २६ आठवडे सेवेतच धरतात, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

(दृश्य : संध्याकाळ. स्वयंपाकघर, ओट्याशेजारी उघडा लॅपटॉप.)

काम आवडतं, तरी नोकरी नकोशी होते ती बहुधा इथे. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं गेले, पुरुषांचे ८८. त्यात साडेसातचा कॉल. अर्थशास्त्राचं २०२३चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या पदवीधरांबद्दल हेच दाखवलं : केव्हाही हजर राहणाऱ्याला प्रमाणाबाहेर जास्त पैसे मिळतात, म्हणून जोडप्यातला एक जण तशी नोकरी धरतो आणि दुसरं माणूस घराला सापडेल असं राहतं. दुसरं म्हणजे कोण, ते सांगायला नको.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. पण ऑफिस एकीकडे आणि पाळणाघर वाहतुकीच्या पलीकडे असेल, तर त्या चार खेपा कागदावरच राहतात. म्हणून रुजू होण्याआधी पत्ता, वेळ आणि फी कोण भरणार, हे मेलवर लेखी घ्यावं.

राजीनाम्याच्या फॉर्मवर मात्र एकच रकाना भरला जातो : 'वैयक्तिक कारण'. साडेसातचे कॉल आणि पाळणाघराचं अंतर त्यातच गडप होतं. एचआरने त्याऐवजी विचारावं, गेल्या तीन महिन्यांत साडेसहानंतर किती मीटिंग लागल्या, आणि त्या कुणी लावल्या?