शेवाळात काढलेली दोन वर्षं

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा सरताना आपल्या माळांवर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांच्या अळ्या साध्या डबक्यातही दीड-दोन महिन्यांत वाढतात. आजच्या चतुराला मात्र पाण्यात बहुधा दोन वर्षं काढावी लागतात, म्हणून त्याचं पाणी आटून चालत नाही.

ल्युकोऱ्हिनिया डुबिया हे त्याचं शास्त्रीय नाव. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. अंग काळं, त्यावर नराला लाल आणि मादीला पिवळे डाग, आणि तोंड चुना फासल्यासारखं पांढरं. स्कॉटलंडमध्ये तो अजून बरा आहे. इंग्लंडमध्ये मोजक्याच पीटच्या दलदलींत उरलाय. पीट म्हणजे पूर्ण न कुजलेल्या शेवाळाचे थर. वर्षाला साधारण 1 मिलिमीटर चढतात. चर खणून एक मीटर पीट वाळवलं, की हजारेक वर्षांची साठवण गेली.

अळ्या राहतात डबक्याच्या काठाला तरंगणाऱ्या स्फॅग्नम शेवाळात. त्या दिवसाही हिंडतात, त्यामुळे माशांच्या तोंडी सहज लागतात. मासे नसलेलं आम्ल पाणी त्यांना मानवतं.

अशी दलदल पुन्हा उभी करायची, तर आधी पाणी उतरू द्यायचं नाही. लावलेली झाडं काढतात आणि चरांत ठरावीक अंतरावर बांध घालतात, तेही खालच्या ओल्या, काळ्या पीटचेच. वरचं वाळलेलं पीट पुन्हा पाणी धरत नाही, भेगाळतं, आणि बांध गळतो. बांध खचतो, म्हणून तो जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवायचा. पण पाणी फार तुंबवलं, तर लाटा शेवाळाला धरूच देत नाहीत! एका मोठ्या बांधापेक्षा ओळीने अनेक छोटे बरे. इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातल्या फाउलशॉ मॉस या दलदलीत आधी अशीच डागडुजी झाली. 2010पासून तिथे अळ्या आणून सोडल्या.

जम बसला का, हे उडणाऱ्या चतुरांवरून ठरवू नये. ते दुसरीकडूनही येतात. शोधायची ती कात. मे-जूनमध्ये अळी पाण्याबाहेर देठावर चढते आणि पाठ उकलून चतुर बाहेर पडतो. मागे उरलेल्या तपकिरी कातीतून पांढरे धागे लोंबतात. त्या अळीच्या श्वासनलिका. वाऱ्यापावसात कात झडते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तोच काठ धुंडाळावा लागतो. सापडली की हलकेच उलटी करायची. पोटावर लांबीच्या दिशेने तीन गडद पट्टे दिसले, की समजायचं, तो याच डबक्यात वाढला.